सरकणारा मागचा ड्रॉपआउट: स्क्रू कशासाठी आणि बोल्ट कशासाठी

शाहूपुरीतल्या एका सायकलवाल्या मित्राचा प्रश्न आहे: "पुण्याहून एक वापरलेली स्टीलची हार्डटेल फ्रेम मिळतेय, २९ इंची चाकाची. मागच्या एक्सलपाशी दोन्ही बाजूंना दोन-दोन बोल्टांवर सरकणारी प्लेट आहे आणि समोरून एक बारीक स्क्रू तिला टेकलेला आहे. हे चालतं कसं? आधी सिंगलस्पीड करायचीय, पुढे जमलं तर गिअर. ब्रेक डिस्कचे. फिरणं यवतेश्वर, कास रोड आणि अजिंक्यताऱ्याच्या पायवाटा. अशा फ्रेमचं चाक चढावर सरकतं असं ऐकलंय, ते खरं का? आणि चेनस्टे लांब ठेवू की आखूड?"

आधी शब्द समजून घेऊ. हार्डटेल म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल. मागचा एक्सल फ्रेममध्ये जिथे बसतो तो ड्रॉपआउट. पेडलच्या धुरीपासून त्याच्याकडे जाणारी फ्रेमची नळी म्हणजे चेनस्टे. सिंगलस्पीड म्हणजे एकाच गिअरची सायकल. चाक सरकतं हे खरं आहे, पण त्यात फ्रेमचा दोष क्वचितच असतो. गेली बावीस वर्षं साताऱ्यात सायकली खोलतोय. सरकणाऱ्या ड्रॉपआउटच्या जेवढ्या तक्रारी माझ्याकडे आल्या, त्यातल्या बहुतेकांचं मूळ एकच निघालं: स्क्रूचं काम बोल्टांवर ढकललेलं होतं, नाहीतर बोल्टांचं स्क्रूवर. स्क्रू जागा ठरवतो. बोल्ट ती जागा धरून ठेवतात. ही दोन कामं डोक्यात वेगळी राहिली की पुढचं सगळं आपोआप समजत जातं.

आधी हा खटाटोप कशाला, ते बघू. गिअरच्या सायकलीला मागे गिअर बदलणारा डिरेलर असतो. त्याचा स्प्रिंगचा हात चेनमधला ढिलेपणा सतत खात असतो. सिंगलस्पीडला तो हात नाही. पुढचं दातेरी चक्र म्हणजे चेनरिंग आणि मागचं म्हणजे कॉग, यांच्यात चेन जेवढी बसेल तेवढीच, आणि ती बरोबर ताणात हवी. आता चेनची लांबी आपल्याला हवी तशी कापता येत नाही. एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. त्यात आतली कडी आणि बाहेरची कडी आळीपाळीने येतात, त्यामुळे जोडताना कड्यांची संख्या सम लागते. चेन कमी-जास्त करायची तर एका वेळी दोन कड्या, म्हणजे २५.४ मिमी. ही चेन वरून जाते आणि खालून परत येते. म्हणून एक्सल जेवढा मागे जाईल त्याच्या दुप्पट चेन लागते. हिशोब उलटा धरला तर २५.४ मिमी चेनसाठी एक्सलला १२.७ मिमी सरकायला जागा हवी. एवढी जागा असली की कुठल्याही चेनरिंग-कॉगच्या जोडीला चेन ताणात बसवता येते. म्हणूनच बहुतेक सरकत्या ड्रॉपआउटना पंधरा-एक मिलिमीटरची चाल दिलेली असते. ज्या फ्रेममध्ये ती १२.७ पेक्षा कमी आहे, तिथे कधीतरी हाफ-लिंक नावाची वाकडी कडी घालायची वेळ येते. ती चालते, पण मला ती आवडत नाही, कारण तेवढी एकच कडी बाकीच्या चेनपेक्षा वेगळी झिजते.

कॉग बदलल्यावर काय होतं तेही याच हिशोबात येतं. कॉगला चेन साधारण अर्ध्या घेरावर लपेटलेली असते. एक दात वाढला की अर्धी कडी जास्त लागते आणि एक्सल सुमारे ३.२ मिमी पुढे घ्यावा लागतो. यवतेश्वरच्या घाटासाठी तुम्ही ३२ ला १८ (पुढे ३२ दात, मागे १८) काढून ३२ ला २० लावला, तर तीच चेन ठेवून एक्सल सहा-सव्वासहा मिलिमीटर पुढे येईल. चेन तोडायची गरज नाही. चार दातांचा फरक पडला की पूर्ण १२.७ मिमी झाले, मग दोन कड्या वाढवा किंवा कमी करा. जाता जाता सांगतो, २९ इंची चाकाला ३२-१८ म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सुमारे ४.१ मीटर आणि ३२-२० म्हणजे ३.७ मीटर. यवतेश्वर रोज चढणार असाल तर २० लावा. गुडघे पुढेही लागणार आहेत.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. कुठल्याही साध्या चेनवाल्या मोटरसायकलचं मागचं चाक बघा. स्विंगआर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याला, लांबट खाच, त्यात एक्सल, दोन्ही बाजूंना चेन ॲडजस्टर आणि त्यावर रेघा. मेकॅनिक एक्सलचा नट ढिला करतो, दोन्हीकडचे ॲडजस्टर सारख्या रेघेवर आणतो आणि नट आवळतो. ॲडजस्टर जागा ठरवतो, नट धरतो. तुमच्या फ्रेममध्येही हेच दोन भाग आहेत, फक्त आकाराने लहान आणि जास्त नाजूक.

सायकलींत या कामाचे दोन-तीन प्रकार चालतात. सगळ्यात साधी ती मागून उघडी आडवी खाच. एक्सलच त्यात पुढे-मागे सरकतो. सर्ली कंपनीच्या पुष्कळ फ्रेमांना अशी खाच असते. मजबूत असते, कारण सुट्टा भागच नाही. पण डिस्क ब्रेक आला आणि हिची अडचण दिसली. पॅड धरणारा कॅलिपर फ्रेमला पक्का आणि रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, चाकाबरोबर सरकणारा. एक्सल पाच मिलिमीटर सरकवला की पॅड रोटरवर चुकीच्या जागी बसतात, मग कॅलिपर परत लावत बसा. गिअर असले तर डिरेलर टांगायचा हँगरही फ्रेमलाच असतो, त्यामुळे एक्सल सरकला की हँगर आणि कॉग यांच्यातलं अंतर बदलतं आणि गिअर नीट पडत नाहीत.

तुमचा दुसरा प्रकार, स्लायडर. यात सरकतो तो एक्सल नाही, अख्खा ड्रॉपआउट सरकतो. फ्रेमला जोडलेल्या जाड पत्र्यात दोन लांबट खाचा असतात, त्यावर ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची प्लेट दोन बोल्टांनी आवळलेली असते आणि एक्सल त्या प्लेटमध्ये बसतो. डावीकडच्या प्लेटलाच डिस्कचा कॅलिपर आहे, उजवीकडच्या प्लेटलाच डिरेलरचा हँगर आहे. म्हणजे चाक, ब्रेक, हँगर ही सगळी मंडळी एकत्र पुढे-मागे जातात आणि त्यांची आपापसातली मापं तशीच राहतात. डिस्कच्या सायकलीला हीच रचना सगळ्यात शहाणी असं माझं मत आहे. कॅलिफोर्नियातली पॅरॅगॉन मशीन वर्क्स हे असे भाग फ्रेम बनवणाऱ्यांना पुरवते. हाताने बांधलेल्या स्टील आणि टायटॅनियमच्या पुष्कळ फ्रेमांवर त्यांचेच स्लायडर दिसतात.

याचा आणखी एक फायदा वापरलेली फ्रेम घेताना मोलाचा आहे. प्लेट बदलली की एक्सलची जात बदलते. आज १३५ मिमीचा क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा एक्सल) आहे, उद्या १२ बाय १४२ चा थ्रू एक्सल (प्लेटांतून आरपार जाणारा, १२ मिमी जाड) हवा, तर अनेकदा फक्त प्लेटांची जोडी मागवायची, फ्रेम तीच. हँगर नसलेली सिंगलस्पीडची प्लेट वेगळी मिळते. चेनऐवजी बेल्टचा विचार असेल तर मात्र नीट बघा. बहुतेक बेल्टना जोड नसतो, ते तोडून परत जोडता येत नाहीत, त्यामुळे मागचा त्रिकोण कुठेतरी उघडावा लागतो. उजव्या ड्रॉपआउटपाशी किंवा सीटस्टेला (सीटकडे जाणाऱ्या मागच्या नळीला) तशी फट नसेल, तर बेल्ट आत जाणारच नाही.

तिसरा प्रकार रॉकर. यात प्लेट सरळ सरकत नाही, एका बोल्टाभोवती फिरते आणि दुसरा बोल्ट वक्र खाचेत चालतो. साल्सा कंपनीचा अल्टरनेटर ड्रॉपआउट याच कुळातला, फिरणारा. एक्सल कमानीवरून जातो, त्यामुळे मागे-पुढे होताना थोडा वर-खालीही होतो आणि बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पेडलच्या धुरीची, उंची किंचित बदलते. चालवताना कळण्याइतकी ती बहुतेक नसते. बॉटम ब्रॅकेटच विक्षिप्त दंडगोलात (ज्यात धुरी मधोमध नसते) फिरवून चेन ताणण्याची चौथी रीतही आहे, पण त्यात ताण बदलला की सीटची उंची आणि पुढे-मागेपणा दोन्ही बदलतात आणि आपल्या पावसात ती लवकर करकरायला लागते. तेवढ्यावर तो विषय सोडतो.

आता चढावर चाक सरकण्याचं. गेल्या पावसाळ्यात संध्याकाळी एक कॉलेजचा पोरगा यवतेश्वरच्या अर्ध्या घाटातून सायकल ढकलत खाली आला. "काका, चेन परत पडली. तिसऱ्यांदा." सायकल स्टँडला लावली. चेन खाली लोंबत होती, आणि मागचा टायर डाव्या चेनस्टेला घासून त्यावरचा रंग निघालेला, खाली चकचकीत लोखंड दिसत होतं. व्हर्नियर लावला. उजवा स्लायडर डाव्यापेक्षा बरोबर ३ मिमी पुढे. मग समोरचा स्क्रू बघितला, तर तो स्लायडरला टेकलेलाच नव्हता, मधून कागद आरपार जात होता. कोणीतरी हाताने चाक मागे ओढून चेन ताणली होती आणि तसेच बोल्ट आवळून दिले होते. स्क्रूला हातच लावला नव्हता.

यात काय झालं ते आकड्यात बघा. ७० किलोचा माणूस पेडलवर पूर्ण वजनाने उभा राहिला, क्रँक १७५ मिमीचा आणि चेनरिंग ३२ दातांची, म्हणजे त्रिज्या जवळपास ६५ मिमी. तर चेनमध्ये जवळजवळ १९० किलोचा ओढा येतो. हा ओढा चाकाच्या मधोमध येत नाही, उजवीकडे चेन आहे तिथे येतो, त्यामुळे त्याचा मोठा वाटा उजव्या स्लायडरवर पडतो आणि त्याची दिशा पुढची असते. दोन बोल्टांच्या घर्षणावर एवढं वजन दर पेडलला झेलायचं म्हटलं तर ते कधीतरी घसरणारच. म्हणून स्लायडरच्या पुढे स्क्रू दिलेला असतो. तो टेकलेला असेल तर स्लायडरला पुढे जायला वाट नाही.

३ मिमी म्हणजे काही फार वाटत नाही. पण डावा-उजवा ड्रॉपआउट एकमेकांपासून १३५ ते १४८ मिमी अंतरावर आणि टायरची पुढची कड एक्सलपासून ३६०-३७० मिमी पुढे. म्हणजे एक्सलपाशी झालेला फरक बॉटम ब्रॅकेटपाशी अडीच-पावणेतीन पट होऊन दिसतो. ३ मिमीचे तिथे जवळपास ८ मिमी होतात. उजवी बाजू पुढे गेली की टायरचं तोंड डावीकडे वळतं, म्हणून घासतो तो डावा चेनस्टे. घासल्याची खूण डावीकडे दिसली की मी आधी उजव्या स्क्रूकडे बघतो.

मग ब्रेक? ब्रेक लावला की रस्ता चाकाला मागे ओढतो, म्हणजे स्लायडरला मागे जायचं असतं. समोरचा स्क्रू तिथे काही कामाचा नाही. तिथे बोल्टच धरतात. म्हणून स्क्रू पक्का टेकलाय म्हणून बोल्ट हलक्या हाताने आवळणं हेही तेवढंच चुकीचं. सज्जनगडावरून खाली उतरताना मागचा ब्रेक दाबल्यावर "टक्" असा एकच आवाज येतो, परत पेडल मारलं की परत एक "टक्" येतो. हा आवाज ऐकला की समजा, डावा स्लायडर हलतोय. लोक हेडसेट खोलतात, हब खोलतात. आधी ते दोन बोल्ट बघा.

आता बसवायची माझी पद्धत. चारही बोल्ट एवढेच ढिले करायचे की प्लेट हाताच्या जोराने सरकेल पण लडबडणार नाही. दोन्ही स्क्रू चार-पाच आटे मागे घ्यायचे. चाक घालायचं आणि एक्सल आधी पूर्ण आवळायचा. हे बहुतेक लोक उलटं करतात. आवळलेला एक्सल दोन्ही प्लेटांना एकमेकींशी समांतर धरतो. बोल्ट आधी आवळले आणि प्लेट किंचित तिरक्या राहिल्या, तर थ्रू एक्सल आत जाताना अडतो. माझी खूण सोपी आहे: तेल लावलेला एक्सल शेवटच्या आवळणीपर्यंत दोन बोटांनी फिरला पाहिजे. पाना लागला म्हणजे प्लेट तिरकी आहे. जोर लावून बसवलात तर उजव्या प्लेटमधले आटे जातील, आणि ते गेले की आख्खी प्लेट गेली.

मग उजव्या स्क्रूने चेनचा ताण लावायचा. स्क्रू आत गेला की स्लायडर मागे जातो आणि चेन ताणते. ताण आला की डावा स्क्रू घ्यायचा आणि टायर चेनस्टेंच्या बरोबर मधे आणायचा. बॉटम ब्रॅकेटमागे दोन्हीकडच्या फटीत मी एकाच जाडीची ॲलन की घालून बघतो. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. व्हर्नियरने दोन्ही स्लायडर सारखे दिसतायत आणि टायर मात्र मधे नाही, असं झालं तर स्लायडर वाकडातिकडा करून टायर मधे आणू नका. चाकाची डिश (रिम मधोमध बसणं) चुकलेली असेल किंवा फ्रेम वाकडी असेल. सिंगलस्पीडच्या चाकाचा रोटर काढा आणि चाक उलटं करून बसवा. टायर आता दुसऱ्या बाजूला झुकला तर दोष चाकात, त्याच बाजूला राहिला तर फ्रेममध्ये. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढचे दोन दिवस वाचवतं.

शेवटी बोल्ट. एका बाजूचे दोन पूर्ण आवळून मग दुसरीकडे जाऊ नका. उजवा वरचा, डावा वरचा, उजवा खालचा, डावा खालचा, असं थोडं थोडं. आकडा फ्रेम बनवणाऱ्याने दिलेला असतो तोच, आणि टॉर्कच्या पान्यानेच. स्क्रूला लॉकनट असेल तर तो सगळ्यात शेवटी. आवळताना स्लायडर एखादा केस सरकतो, म्हणून आवळून झाल्यावर ताण परत बघायचाच.

ताण किती, हे सगळे विचारतात. चेनच्या मधोमध बोटाने वर-खाली केली तर एकूण हालचाल साधारण अर्धा इंच, १२ मिमीच्या आसपास. पण ती कुठे मोजायची, हे जास्त महत्त्वाचं आहे. कुठलीही चेनरिंग अगदी तंतोतंत गोल आणि मधोमध बसलेली नसते. क्रँक हळूहळू फिरवा, एका जागी चेन ताठ होते, अर्ध्या फेऱ्यानंतर ढिली. अर्धा इंच मोजायचा तो सगळ्यात ताठ जागी. ढिल्या जागी मोजून ताणलीत, तर ताठ जागी चेन तारेसारखी होते, पेडल उलटं फिरवलं की खडखड अडखळतं आणि हबचं बेअरिंग विनाकारण मार खातं. ताठ-ढिल्यातला फरक जास्त असेल तर चेनरिंगचे बोल्ट किंचित सैल करा, ताठ जागी चेनवर पान्याच्या लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारा. रिंग आपसूक थोडी मधे येते. परत आवळा, परत फिरवा. दोन-तीन वेळा केलं की चेन सगळीकडे सारखी वाटायला लागते. मला या कामात अजूनही आनंद मिळतो. काम झालं की मागचं चाक फिरवून सोडायचं आणि ऐकायचं, आवाज येता कामा नये.

नवीन चेन पहिल्या काही फेऱ्यांत बसते, म्हणून पहिल्या २०-३० किलोमीटरनंतर एकदा बघा. पुढे झिजेवर लक्ष ठेवा. चेनच्या २४ कड्या नव्या असताना १२ इंच, ३०४.८ मिमी भरतात. त्याच ३०६.३ झाल्या की अर्धा टक्का झिजली, बदलायचा विचार सुरू करा. तोपर्यंत तुमच्या साधारण ९४ कड्यांच्या चेनमध्ये सहा मिलिमीटर वाढलेले असतात, म्हणजे एक्सल नव्यापेक्षा तीन मिलिमीटर मागे. स्लायडर सुरुवातीलाच अगदी मागच्या टोकाला लावलात तर ही वाढ घ्यायला जागाच उरणार नाही. नवी चेन कापताना एक्सलच्या मागे निदान तेवढे तीन मिलिमीटर उरतील असं बघा.

गिअर लावणार असाल तेव्हा एक इशारा. स्लायडर १० मिमी मागे घेतला की चेनला २० मिमी जास्त लागते. चेन पुढच्या जागेच्या मापाने कापली असेल आणि नंतर "जरा लांब करून बघू" म्हणून स्लायडर मागे नेला, तर सगळ्यात मोठ्या कॉगवर जाताना चेन पुरत नाही, डिरेलरचा हात ताणून सरळ होतो आणि हँगर मोडतो. असे दोन हँगर माझ्या टेबलावर येऊन गेलेत. गिअरची चेन नेहमी स्लायडर सगळ्यात मागे ठेवून मोजा. मागच्या ब्रेकची होज, म्हणजे तेलाची नळीसुद्धा तेवढी सैल हवी. फुल सस्पेन्शनवर सिंगलस्पीडचा मोह झाला, तर स्लायडर पुरणार नाही. तिथे सस्पेन्शन दबलं की बहुतेक फ्रेमांत एक्सलचं अंतरच बदलतं, मग स्प्रिंगचा टेन्शनरच लागतो.

चेनस्टे लांब की आखूड, यावर जेवढं बोललं जातं तेवढा तो फरक मोठा नाही. समजा चेनस्टे ४२५ मिमी आणि व्हीलबेस, म्हणजे दोन एक्सलांमधलं अंतर, ११५०. पेडलवर उभं राहिल्यावर तुमचं वजन बॉटम ब्रॅकेटवर येतं असं धरलं, तर पुढच्या चाकावर सुमारे ३७ टक्के. एक्सल १५ मिमी मागे नेला, ४४० आणि ११६५, तर पावणेअडतीस. पाऊण-एक टक्क्याचा खेळ आहे. सपाटीला कळणार नाही. पण अजिंक्यताऱ्याच्या मागच्या पायवाटेसारख्या उभ्या चढावर पुढच्या चाकावर आधीच जेमतेम वजन उरतं, तिथे तेवढ्याने ते जमिनीला चिकटून राहतं आणि भरकटत नाही. आखूड ठेवली तर पुढचं चाक उचलायला सोपं, दगडावरून टाकायला सोपं, वळण चटकन. तुमच्या फिरण्यात चढ जास्त आहे, तर मी मधल्यापेक्षा थोडी मागे ठेवेन.

त्याला आपल्याकडचं आणखी एक कारण आहे, माती. खाली साताऱ्याच्या शिवारातली काळी माती पावसाळ्यात टायरला अशी चिकटते की चेनस्टेच्या पुलापाशी (दोन्ही चेनस्टे जोडणाऱ्या आडव्या तुकड्यापाशी) तिचा गोळा होतो आणि चाक जागच्या जागी थांबतं. एक्सल दहा मिलिमीटर मागे असेल तर टायर आणि पुलामधली फट तेवढीच वाढते. वर कासला जांभ्याची लाल माती, ती कमी चिकटते, पण बारीक होऊन बोल्टांच्या खाचांत शिरते. आणि कासला फुलं असोत नसोत, चाक डांबरीवरच ठेवा. पठारावरचा मातीचा थर इतका पातळ आहे की एकदा उमटलेली चाकोरी वर्षानुवर्षं भरत नाही.

पाऊस या रचनेचा खरा शत्रू आहे. स्टीलची फ्रेम, ॲल्युमिनियमची प्लेट, त्यात स्टीलचा स्क्रू आणि चार महिने ओल. दोन वेगळे धातू ओलीत एकत्र राहिले की ॲल्युमिनियम पांढरं पिठूळ होतं आणि स्क्रू त्यात जखडतो. म्हणून सगळ्या आट्यांना अँटीसीझ, म्हणजे जखडू न देणारी पेस्ट, लावा आणि पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा स्क्रू बाहेर काढून साफ करा. आटे अशा पेस्टने किंवा तेलाने ओले असले की तोच टॉर्क बोल्टाला जास्त ताणतो, तेव्हा दिलेला आकडा कोरड्या आट्यांचा आहे का ओल्या, ते वाचून घ्या. प्लेट आणि फ्रेम जिथे एकमेकांना टेकतात ती जागा मात्र ग्रीसने माखू नका. बोल्टांची पकड तिथल्या घर्षणावर आहे.

त्याच जागेवर रंगही नको. एका गिऱ्हाइकाने फ्रेम हौसेने पावडर कोटिंग करून आणली होती. दिसायला सुरेख, पण कोटिंग करणाऱ्याने टेकणाऱ्या जागा झाकल्या नव्हत्या. बोल्ट आवळले की दोन दिवसांत ढिले. तो जाड थर दाबाखाली हळूहळू दबत होता आणि बोल्टाचा ताण निघून जात होता. आतल्या बाजूने कानसीने आणि पॉलिश पेपरने तेवढा भाग धातूपर्यंत साफ केला, प्लेटचा आकार आखून घेऊन, बाहेर एक रेघही जाऊ न देता. त्यानंतर ती सायकल परत त्या कामासाठी आली नाही.

तुमच्या फ्रेमकडे येतो. बघायला जाताना ॲलन कीचा संच आणि एक टॉर्च न्या. विकणाऱ्याला चाक काढू द्या आणि उजवी प्लेट सोडवायला सांगा. खाचेच्या कडेला अर्धचंद्रासारखे खोलगट घाव दिसले, तर ती बराच काळ ढिली चालवली गेलीय. उथळ असतील तर चालेल, नखाला अडकतील इतके खोल असतील तर पकड बसणार नाही. पत्रा चेनस्टेला जिथे वेल्ड केलाय तिथे रंगात केसासारखी चीर आहे का, ते टॉर्च तिरकी धरून बघा. चीर दिसली तर किंमत कितीही उतरली तरी घेऊ नका. प्लेटचे आटे गेले असतील तर घाबरायचं कारण नाही, प्लेट बदलता येते, फक्त त्या मापाची मिळते का हे पैसे देण्याआधी शोधा. डावी साधी प्लेट आपल्या एमआयडीसीतल्या चांगल्या मशीनवाल्याकडून ॲल्युमिनियममध्ये करून घेता येते. मी करून घेतलीय आणि ती चाललीय. हँगरची उजवी मात्र बनवणाऱ्याचीच घ्या.

आणि शेवटचं, दोन्ही समोरचे स्क्रू विकणाऱ्यादेखत फिरवून बघा. फिरले तर फ्रेम घ्या. जखडलेले असतील तर भाव करताना ते धरा आणि जबरदस्ती न करता तशीच इकडे आणा. आदल्या रात्री सुटं करणारं तेल सोडून ठेवू, सकाळी प्लेट गरम करून काढू. घाईत स्क्रूच्या डोक्यातली ॲलन कीची खाच गोल झाली तर तो स्क्रू ड्रिलनेच काढावा लागतो.